चाळीस दात आणि पाव आटा

मे महिना निम्मा सरला की पेण तालुक्यात कटरला, म्हणजे लाकूड कापायच्या चेनसॉला, उसंत नसते. आगोटीची लाकडं पावसाआधी पडवीत रचून व्हायची असतात. घरावर ओणवी झालेली आंब्याची फांदी पहिल्याच वाऱ्यात कौलं घेऊन खाली येणार, हे वर्षभर ठाऊक असूनही नेमकं आत्ताच आठवलेलं असतं. जिते स्टेशनापासून हमरापूरपर्यंतच्या कोणत्याही आडवाटेला झाडांमागून ते यंत्र रेकताना ऐकू येतं, आणि त्या रेकण्यावरून जाणकार सांगतात की हा अमक्याचा कटर, याचा सायलेन्सर मोकळा केलेला आहे. कारण कटर घेतला की माणूस तो आठवडाभर वापरतो आणि मग सुधारायला घेतो. सुधारण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी सायलेन्सरमधली जाळी काढायची, मग त्याला एक भोक वाढवून पाडायचं, मग कार्बोरेटरचा स्क्रू पिळायचा, मग प्लग बदलायचा, मग कोणीतरी सांगितलेलं महागडं टू-टी ऑइल आणायचं, मग चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी लांब बसवायची. एवढं सगळं करूनही कटर चालेना, की कोणीतरी म्हणतं, चेन जरा बघा. माझं म्हणणं असं की हा क्रम बरोबर उलटा आहे. ज्या गोष्टीने कापण्यात सर्वांत जास्त फरक पडतो ती सगळ्यात शेवटी येते किंवा येतच नाही. याचं कारण यंत्रात शोधून सापडणार नाही, ते आपल्या कानात आहे.

सुरुवात आकड्यापासून करू, कारण खरेदीही तिथूनच सुरू होते. स्वस्तातला जो कटर सर्रास मिळतो त्याच्यावर 58 सीसी असं ठसठशीत लिहिलेलं असतं. शेजारी 52चा असतो, तो ज्यांना महत्त्वाकांक्षा नाही त्यांच्यासाठी. दोघांची पोटं उघडून मापं घेतली तर बहुतेक वेळा बावन्नच्या सिलिंडरचा व्यास 45 मिलिमीटर भरतो आणि अठ्ठावन्नचा 45.2. पिस्टनचा पल्ला दोघांत सारखाच. शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ ज्याला अजून आठवतं त्याने हिशोब करावा. दोन दशांश मिलिमीटरने ते क्षेत्रफळ धड एक टक्काही वाढत नाही. बावन्नचा एक टक्का म्हणजे अर्धा सीसी. उरलेले साडेपाच सीसी स्टिकरमध्ये असतात. पण गिऱ्हाईक ते साडेपाच सीसी कापताना अनुभवतं, शपथेवर सांगतं की बावन्नपेक्षा याला पिकअप जास्त आहे. पट्टीचंही तेच. बावीस इंची पट्टी लावून ज्या फांद्या तोडल्या जातात त्यातल्या बऱ्याचशा नऊ इंचांच्या असतात. उरलेली तेरा इंच चेन नुसती हवेत फिरत राहते, तिला फिरवायला इंजिन खर्ची पडतं, आणि धार लावायची झाली तर तेवढे दात जास्त. पण दुचाकीवरून जाताना पाठीमागे आडवी धरलेली बावीस इंची पट्टी जशी दिसते तशी अठरा इंची दिसत नाही, हे मान्य करावंच लागेल.

आता लाकूड कोण कापतं ते बघू. चेन ओढतं इंजिन, पण लाकडात शिरतो दात. बावीस इंची चेनवर असे चाळीसेक दात असतात, एक डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. प्रत्येक दाताच्या पुढे एक बोथट उंचवटा असतो. बघणाऱ्याला तो निरुपयोगी वाटतो, पण चेनची सगळी अक्कल त्याच्यात आहे. दाताची धार त्या उंचवट्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर वर असते, आणि दाताने एका वेळी किती घास घ्यायचा हे त्या फरकावर ठरतं. दाताचा कोपरा लाकडाच्या रेषा आडव्या कापतो, वरची धार त्या कापलेल्या रेषांखाली शिरून ढलपी उचलते, आणि पुढचा दात दुसऱ्या बाजूने तेच करतो. ही रचना अमेरिकेतल्या ऑरेगन प्रांतातल्या जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला 1946 साली सुचली. तोवरच्या चेनचे दात हातकरवतीसारखे होते, लाकूड ओरबाडणारे, आणि त्यांना धार लावता लावता माणसाची संध्याकाळ व्हायची. कॉक्सने एका ओंडक्यात एक अळी बघितली. ती रेषांच्या बाजूने आणि रेषांच्या आडवी, दोन्हीकडे सारख्याच निवांतपणे लाकूड खात चालली होती. तिचे जबडे आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे चालत होते. त्याने ते जबडे पोलादात उतरवले, 1947मध्ये तशी चेन विकायला काढली, आणि आज जगातल्या बहुतेक कटरांवर जी चेन फिरते ती मुळात त्याचीच. ही अळी ज्या कुळातली, त्याच कुळातला आपला भिरूड. आंब्याच्या खोडात शिरून भुसा बाहेर टाकणारा, बागायतदाराच्या शिव्या खाणारा. म्हणजे कोकणातल्या प्रत्येक जुन्या आंब्यात कटरचा आद्य प्राध्यापक बसलेला आहे. त्याला ना सीसी, ना सायलेन्सर, ना टू-टी ऑइल. तो अख्खं झाड आतून पोखरतो आणि वरून घरच्या माणसाला पत्ता लागत नाही.

भिरडाचा दाखला भावनेचा म्हणून सोडून देऊ आणि गणित घेऊ. एका सेकंदात किती लाकूड निघणार, हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: किती दात लाकडावरून गेले, आणि प्रत्येकाने किती घास घेतला. सात दातांच्या चक्रावर नेहमीची 0.325 इंची चेन एका फेऱ्यात साडेअकरा सेंटिमीटर पुढे सरकते. इंजिन मिनिटाला 9000 फेरे घेत असेल तर चेनचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर एसटीला क्वचितच साधतो तेवढा. सायलेन्सर फोडून, स्क्रू पिळून हा वेग थोडाफार वाढेल. पण घास? दाताचा कोपरा गोल झाला की तो लाकडात शिरतच नाही, वरून घासत जातो. 0.65 मिलिमीटर घेणाऱ्या दाताचा घास शून्याजवळ येतो, आणि शून्याला ताशी साठने गुणा की सत्तरने, उत्तर बदलत नाही. बदलते ती उष्णता. चेन तापते, सैल पडते, पट्टी निळी पडते, लाकूड काळं होतं, धूर निघतो, आणि आवाज तर विचारूच नका. बोथट चेनचा कटर हा धारदार चेनच्या कटरपेक्षा नेहमीच जास्त शूर वाटतो.

पुरावा हवा असेल तर तो जमिनीवर पडलेला असतो, फुकट, आणि वाचायला कोणताही मीटर लागत नाही. धार असली की कटरखाली ढलप्या पडतात, नखाएवढ्या, चौकोनी, हातात घेतल्या तर एकेक वेगळी मोजता येईल अशा. धार गेली की पीठ पडतं. हळदीसारखं मऊ पीठ, जे नाकात जातं, घामावर बसतं आणि एअर फिल्टर बुजवतं. फिल्टर बुजला की इंजिनाचा दम कमी होतो, दम कमी झाला की मालकाला वाटतं सेटिंग बिघडलं, आणि तो परत स्क्रूकडे वळतो. आपल्याकडे धार जायला निमित्तंही कमी नाहीत. ओंडका लाल मातीतून ओढत आणलेला असतो, त्याच्या सालीत खडी रुतलेली असते. सागाच्या लाकडात मुळातच वाळूच्या जातीचा सिलिका असतो. पडलेला ओंडका कापताना पट्टीचं टोक पलीकडे जमिनीत गेलं तर एका सेकंदात चाळीसच्या चाळीस दातांची एकदमच हजामत होते. आणि कुंपणाला म्हणून तीस वर्षांपूर्वी खोडात ठोकलेला खिळा झाडाने पोटात घेऊन झाकलेला असतो, त्याला तर कोणाचाच इलाज नाही.

गेलेल्या धारेवर उपाय असतो एका गोल कानशीत. अशा चेनला साधारण 4.8 मिलिमीटर जाडीची कानस लागते, सदऱ्याच्या खिशात मावणारी. पट्टी ओंडक्याच्या खाचेत पक्की अडकवायची, ब्रेक लावायचा, कानस दाताच्या आतून बाहेर तीस अंशांच्या तिरक्या रेषेत ढकलायची. दाब फक्त पुढे जाताना, मागे येताना कानस उचलायची. बटाटे खिसल्यासारखी पुढेमागे घासली तर कानसही जाते आणि दातही. दर दाताला तीन घासे, एक सोडून एक दात, मग पलीकडे वळून उरलेले. सगळे मिळून एकशेवीस घासे. दात एका मापाचे राहिले पाहिजेत ही खरी मेख. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर नीट लागतो, दुसऱ्या बाजूला कच्चा. चार-सहा वेळा असं झालं की एका बाजूचे दात आखूड होतात आणि कटर सरळ ओंडक्यात चंद्रकोरीसारखा वळत जातो. मालक म्हणतो, पट्टी वाकली. नवी पट्टी येते, चंद्रकोर कायम राहते.

एवढी साधी गोष्ट कोणी का करत नाही, याला आळस हे उत्तर मला पटत नाही. जो माणूस सायलेन्सर उघडायला दोन तास रॉकेलमध्ये हात घालून बसतो तो आळशी कसा? कानशीला प्रेक्षक नसतात, हे खरं कारण. कानस चालवणारा माणूस ओसरीवर मान खाली घालून बसलेला दिसतो, तो दात घासतोय की रुसलाय तेही लांबून कळत नाही. सायलेन्सर फोडलेल्याचं तसं नसतं. त्याची दोरी ओढली की चार घरची पोरं जमतात. "शेट, सायलेन्सर मोकळा केलाय, आता आवाज बघा," असं मिस्त्री म्हणतो. आता कापून बघा, असं म्हणणारा मिस्त्री विरळा, कारण गॅरेजच्या दारात कापायला असतं काय? परीक्षा आवाजाचीच होते आणि आवाज पहिल्या नंबराने पास होतो. हा रोग एकट्या कटरचा नाही. बुलेटचे फाडलेले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम आपल्या शहरांतल्या वाहतूक पोलिसांनी जाहीरपणे केलेले आहेत. तिथेही गाडी किती वेगाने पोचली हे कोणी सांगत नाही, ती येतेय हे कुठपासून कळलं तेवढं सांगतात.

आता विरुद्ध बाजू, आणि ती अगदीच पोकळ नाही. सायलेन्सर मोकळा केल्याने ताकद खरोखर वाढू शकते. दोन-स्ट्रोक इंजिनाला जळलेला वायू बाहेर टाकण्यात जितकी अडचण, तितका आत येणारा ताजा माल कमी, हे तत्त्व बरोबर आहे. युरोप-अमेरिकेच्या धुराच्या नियमांसाठी मुद्दाम गुदमरून ठेवलेली काही यंत्रं अशी मोकळी केल्यावर बदलतात, आणि तिकडचे हौशी लोक त्याच्याही पुढे जाऊन सिलिंडरची भोकं कोरतात, खालचं गॅस्केट काढून दाब वाढवतात. पण तिकडचा हौशी माणूस एक गोष्ट करतो जी आपल्याकडे भोक पाडतानाच विसरली जाते. वाट मोकळी झाली की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच येतं, मिश्रण पातळ होतं. म्हणून कार्बोरेटर पुन्हा लावावा लागतो, पेट्रोल वाढवून. आपल्याकडे भोक पडतं, आवाज वाढतो, सगळे खूष होतात, आणि पातळ मिश्रणावर इंजिन आधीपेक्षा तेज चालल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरंही असतं, थोड्या वेळापुरतं. या इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं तेच पिस्टनला मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, आणि पिस्टनला थंड ठेवणाराही तोच पेट्रोलचा ओलावा. मग एका ओंडक्याच्या ऐन मध्यावर यंत्र गप्प होतं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो, जाळीसकट गेलेली सगळी शांतता एका सेकंदात परत मिळते.

स्क्रूच्या बाबतीत मला जरा जास्तच मान वाकवावी लागेल, कारण ती खरी कला आहे आणि ती कानाचीच आहे. कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात: एक मंद चालीचा, एक जोराचा, एक नुसत्या थांबत्या वेगाचा. जोराचा स्क्रू पाव आटा इकडेतिकडे केला तरी इंजिनाचं नशीब बदलतं. ओझं नसताना पूर्ण रेस दिली की नीट लावलेला कटर किंचित अडखळतो, भरड वाजतो, जणू घशात काही आहे. लाकडात घातला की घसा साफ होतो आणि सूर लागतो. मोकळ्या रेसवरच जो शिट्टीसारखा स्वच्छ वाजतो तो पातळ आहे आणि मरणाच्या वाटेवर आहे. म्हणजे इथेही गंमत बघा, जो कटर मोकळ्यावर वाईट वाजतो तोच बरा, पण गॅरेजच्या दारात परीक्षा मोकळ्यावरच असते. उंचीचा हिशोब वेगळाच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथली हवा पेणच्या हवेपेक्षा दहा-बारा टक्के विरळ. वर नीट लावलेला कटर तसाच घाट उतरून जित्याला आणला तर इथल्या दाट हवेत तोच स्क्रू पातळ ठरतो. पाहुण्याचा कटर मागून आणणाऱ्याने पाहुण्याचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हेही विचारून घ्यावं. नव्या महागड्या यंत्रांत तर हा स्क्रूच उरलेला नाही. स्टिलची एम-ट्रॉनिक आणि हस्कवर्नाची ऑटोट्यून ही व्यवस्था पेट्रोल किती सोडायचं ते आपलं आपण ठरवते. त्या यंत्रांपुढे मिस्त्री जसा बसतो, तसा नाडी लागत नसलेल्या रोग्यापुढे वैद्य बसत असेल. कला मी नाकारत नाही. तिचा क्रम नाकारतो. पाव आट्याने मिळणारं सुख चाळीस दात बोथट असताना मिळतच नाही.

कोणी म्हणेल, मग स्पर्धावाल्यांचं काय? परदेशात लाकूड कापण्याच्या स्पर्धा होतात, आणि त्यात हॉट सॉ नावाचा एक प्रकार आहे. त्यात बर्फावर चालणाऱ्या किंवा पाण्यावरच्या स्कूटरचं साडेतीनशे सीसीपर्यंतचं इंजिन कटरला जोडतात, यंत्राचं वजन पंचवीस किलोच्या पुढे जातं, आणि जाड ओंडक्याच्या तीन चकत्या थोड्या सेकंदांत पाडतात. ते बघून छाती दडपते हे खरं. पण त्या लोकांना विचारलं तर ते चेनबद्दलच बोलतात. एकेक दात हाताने घडवलेला, गरज नसलेला प्रत्येक ग्रॅम काढून टाकलेला, शर्यतीपुरती ठेवलेली आणि इतर वेळी पेटीत झोपवलेली चेन. साडेतीनशे सीसीवाल्याला जिची गरज आहे तिची साडेबावन्नवाल्याला नाही, असं समजायला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. रोजंदारीवर किंवा टनावर कापणाऱ्या माणसाला कानस घेऊन बसायला वेळ कुठला? ठेकेदार मागे उभा, टेम्पो भाड्याचा, आभाळ भरून आलेलं. पण टाकी संपली की पेट्रोल भरायला तो थांबतोच, यंत्रही तेवढं निवतं. दर टाकीला दोन-तीन घासे दिले तर दात फार बिघडतच नाही आणि एकशेवीस घाशांची वेळच येत नाही. वेळ खातं ते बोथट चेनचं पीठ काढणं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगडभर आंबे, फणस, माड, सुपाऱ्या रस्त्यांवर आडव्या झाल्या. तेव्हा कटर हे चैनीचं यंत्र उरलं नव्हतं. अशा वेळी झाड एकटं पडत नाही. त्याच्या फांद्यांत पत्रे असतात, विजेच्या तारा असतात, कुंपणाचे खांब असतात, सगळ्यावर चिखल. अशा ढिगाऱ्यात दोन चेन आणि दोन कानशी खिशात असलेला माणूस, फोडलेल्या सायलेन्सरच्या माणसापेक्षा संध्याकाळपर्यंत किती पुढे गेला असेल, हे सांगायला आकडेवारी लागू नये.

कानशीच्या बाजूने बोलताना कानशीचेही गुन्हे सांगितले पाहिजेत. धारेचं महत्त्व एकदा पटलं की काही लोक कानस घेऊन दातापुढच्या त्या उंचवट्यावर तुटून पडतात. 0.65ने घास एवढा मिळतो, तर 1.3ने दुप्पट मिळेल, अशी त्रैराशिकाची भूल त्यांना पडते. दात मग लाकूड कापण्याऐवजी त्यात रुततो, यंत्र थडथडतं, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर सगळा कटर चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. ती उसळी थांबवायला पुढच्या हँडलपाशी ब्रेक असतो. सुधारणेच्या भरात तोही अडगळ म्हणून सैल केलेला असतो. विकत मिळतात त्या जाड, धागे अडकवून चेन थांबवणाऱ्या विजारी आपल्याकडे उकाड्यामुळे कोणी घालत नाही, हे समजू शकतं. पण यंत्रावर हजारो रुपयांची सुधारणा आणि पायात रबरी स्लिपर, यातली स्लिपर आधी सुधारावी असं सुचवायला मला यंत्रशास्त्राची गरज वाटत नाही.

सगळ्यात नवल म्हणजे हे सगळं जित्याच्या आसपासच्या लोकांना समजावून सांगावं लागू नये. हा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. हमरापूर, जोहे आणि आजूबाजूच्या गावांत वर्षभर मूर्ती घडतात, त्यातल्या कितीतरी मुंबई-पुण्याला आणि परदेशीही जातात. रंगकामाला तिथेही यंत्र असतं. कॉम्प्रेसर धडधडत असतो, स्प्रे-गनमधून अंगाचा रंग बसतो. पण कॉम्प्रेसरला भोक पाडलं, त्याचा आवाज वाढवला, तर गणपती जास्त देखणा होईल असं त्या कारखान्यात कोणी कधी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. तिथे चर्चा असते गनच्या सुईची, तोंडाशी साचलेल्या रंगाची, आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या ब्रशाची. त्या ब्रशाचं टोक किती केसांचं आहे, ते फाकलं आहे का, यावर मूर्तीची किंमत ठरते. आखणीवाला ब्रश कोणाला हात लावू देत नाही. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी मागच्या परसात कटर काढतो आणि पहिला प्रश्न विचारतो, सायलेन्सर मोकळा करायचा का? टोकाला जे लागतं तेच काम करतं, हे ज्ञान कारखान्याच्या उंबऱ्यापाशी चपलांबरोबर काढून ठेवलं जातं की काय, कोण जाणे.

एक आक्षेप राहिला, तो झाडांचा. कटर आणखी चांगला कापू लागला तर झाडं आणखी तुटतील, तेव्हा बोथट आहेत तेच बरे, असं म्हणणारा सज्जन भेटतोच. त्याला माझं उत्तर थोडं कडू आहे. महाराष्ट्रात 1964चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही त्याच्या यादीतली झाडं, आणि ती परवानगीशिवाय तोडायची नाहीत. झाड वाचायचं असेल तर त्या कागदाने वाचेल. चेन बोथट असल्यामुळे झाड वाचल्याचं उदाहरण नाही. बोथट चेनने ते तुटतंच, फक्त दुपारऐवजी संध्याकाळी, दुप्पट पेट्रोल जाळून. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. रस्त्याकडेची झाडं आडवी व्हायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ रस्ता पुरा व्हायला लागला, आणि तो उशीर कटरच्या सेटिंगमुळे झाला असा आरोप आजवर कोणत्याही सरकारने केलेला नाही.

आता बॅटरीवरचे कटर येऊ लागले आहेत. खरं तर ही जुनीच गोष्ट. आंद्रेआस स्टिल यांनी 1926 साली पहिल्यांदा केला तो कटरही विजेवरचा होता, पेट्रोलचा नंतर 1929मध्ये आला. बॅटरीच्या कटरला सायलेन्सर नाही, जाळी नाही, प्लग नाही, पाव आटा पिळायला स्क्रू नाही. हात लावण्यासारखे उरतात ते फक्त चाळीस दात. तेव्हा आता तरी कानशींचा खप वाढेल, असा एक तर्क करता येईल. पण मला आपल्या माणसांची कल्पकता माहीत आहे. लवकरच या कटरला वरून जोडायचा छोटा स्पीकर बाजारात येईल, आवाज बुलेटचा की जुन्या अठ्ठावन्नचा ते बटणावर निवडता येईल, आणि मिस्त्री तो खोलून आधी त्याची जाळी काढून टाकेल.